टिकलीच्या गळ्यातला हिरवा दिवा

दिवा हिरवाच होता.

साजिरीनं ओढणीच्या टोकानं पट्ट्यावरची धूळ पुसली, तळहाताची सावली धरली आणि पुन्हा पाहिलं. हिरवाच. पण ज्या करडाच्या गळ्यात हा दिवा होता, त्या गुंजाच्या ओठांवर खपल्यांचा थर चढला होता, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत फोड आले होते. तोंड उघडायला गेलं की त्यांतून रक्त यायचं. आदल्या संध्याकाळपासून गुंजानं दुधाचा थेंब ओढला नव्हता.

गुंजाची आई टिकली शेजारीच उभी होती. तिच्या गळ्यातला दिवाही हिरवा. पण तिच्या सडांवर तसलेच फोड उठले होते आणि कुणी कासेजवळ आलं की ती लाथ झाडत होती.

"पट्टा खोटं बोलतोय," साजिरी म्हणाली.

"पट्टा कशाला खोटं बोलंल गं? ते काय माणूस हाय?" दाराबाहेरून आई म्हणाली. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं, म्हणून ती शेडमध्ये पाऊल टाकत नव्हती. पण तिथून हलतही नव्हती.

बालाघाटच्या डोंगरउतारावरच्या सावरदऱ्यात आता प्रत्येक शेळीच्या गळ्यात असा पट्टा होता. पट्ट्याची आतली बाजू कातडीला चिकटून असायची आणि शेळीचं शरीर स्वतःशी काय बोलतंय ते ऐकायची. शरीरात रोग शिरला की आतले राखणदार एकमेकांना निरोप धाडतात, 'या, या, इकडे शत्रू आहे'. तसे निरोप वाढले की दिवा पिवळा व्हायचा, फारच वाढले की लाल. सगळं शांत असेल तर हिरवा. पट्टे आल्यापासून गावातली माणसं शेळीच्या तोंडाकडे बघायच्या आधी दिव्याकडे बघायला लागली होती. अकरा वर्षांची साजिरी तर फक्त दिव्याकडेच बघायची.

"हा मावाच हाय," अप्पा म्हणजे साजिरीचे बाबा म्हणाले. शेळ्यामेंढ्यांच्या तोंडावर फोड आणणाऱ्या या रोगाला तिकडे मावा म्हणतात. "पण मला एक कळंना. टिकली करडू होती तेव्हा तिला मावा होऊन गेलाय. मी माझ्या हातानं तिचं तोंड लाल औषधानं धुतलंय. एकदा होऊन गेलेलं दुखणं अंग विसरत नसतंय म्हणतात. मग आता हिला पुन्हा कसा झाला?"

दिवा हिरवा का? आणि टिकलीला पुन्हा मावा कसा? ही दोन कोडी तर होतीच. पण साजिरीच्या मनात तिसरा एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला बहुतेक ठाऊक होतं. मावा आपल्या शेडमध्ये आला कुठून?

कोपऱ्यात एक पोरकं करडू मजेत बोरीचा पाला ओरबाडत होतं. त्याच्या ओठावरची खपली आता गळायला आली होती. ते करडू म्हणजे पाव्हणी.

पाव्हणी आली ती मेंढपाळांबरोबर. त्यांचा कळप माळावरून पुढे चालला होता. हिची आई वाटेतच मेली होती. "जगली तर तुमची," असं म्हणून मेंढपाळांतल्या एका बाईनं ती साजिरीच्या हातात दिली. नवं जनावर पंधरा दिवस वेगळं बांधायचं, हा अप्पांचा नेम. म्हणून पाव्हणीला विहिरीजवळच्या तारेच्या जाळीत ठेवलं. आणि ती ओरडायला लागली. बाटलीचं रबरी बोंडुक तोंडात दिलं तर थुंकून टाकायची आणि पुन्हा ओरडायची. दिवसभर.

"नको गं बाई," आई बाळाला पाजता पाजता म्हणाली होती. "तिकडं ते लेकरू ओरडायलंय आणि इकडं मलाच पान्हा फुटायलाय."

दुसऱ्या दिवशी अप्पा बाजाराला गेले आणि मायलेकींनी ठरवून टाकलं. तरी साजिरीनं आधी पाव्हणीच्या गळ्यात जादा असलेला पट्टा बांधून पाहिला. हिरवा. ओठावर एक बारीकशी खपली दिसली. "कुसळ टोचलं असंल," आई म्हणाली. साजिरीलाही तसंच वाटलं. खरं तर, तसंच वाटावं असं तिला वाटत होतं.

शेळी दुसऱ्याचं पिल्लू पाजत नाही. ती आपलं पिल्लू वासावरून ओळखते. म्हणून सावरदऱ्यात पोरक्या करडाला वास चढवतात. आईनं टिकलीची शिंगं धरली. साजिरीनं टिकलीचंच दूध वाटीत काढलं, पाव्हणीच्या डोक्याला, मानेला, पाठीला चोपडलं, वर गुंजाला तिच्या अंगावर घासलं. मग पाव्हणीला कासेजवळ सोडलं. टिकलीनं तिचं डोकं हुंगलं. पाठ हुंगली. मग मान वळवून शेपटाखाली नाक नेलं, बराच वेळ हुंगलं, फुरफुरली आणि पाव्हणीला अशी ढुशी दिली की ती भिंतीशी जाऊन पडली.

"शेपटाखाली लावायचं राहिलं!" साजिरी म्हणाली. वाटीत थोडं दूध उरलं होतं. तेही लावलं. मग मात्र टिकली फसली. दोन करडं दोन बाजूंनी लुचायला लागली आणि शेपट्या हलवायला लागली, तेव्हा साजिरी आणि आई एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. अप्पा आल्यावर चिडले. पण टिकलीला दोन्ही करडांसह तशी उभी बघून त्यांचाही राग विरघळला. "दिवा हिरवा हाय ना? मग असू द्या," म्हणाले.

आता ते हसणं आठवलं की साजिरी पाव्हणीकडे पाठ फिरवायची.

* * *

इंदूआत्या दुपारी पोचली. इंदूआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. याच शेडमध्ये शेळ्यांमागे धावत मोठी झाली आणि आता शहरातल्या एका प्रयोगशाळेत विषाणूंचा अभ्यास करत होती. तिच्याबरोबर एक यंत्रमानव होता. आकार थेट पालथ्या डालग्यासारखा, कोंबड्या झाकतात तसल्या. खाली चार चाकं, वर दोन लांब हात. त्याचं खरं नाव पशुआरोग्य-यंत्रमानव असं काहीतरी लांबलचक होतं. अप्पांनी त्याला बघताक्षणीच डालगं म्हटलं आणि तेच नाव पडलं.

"नमस्कार," डालगं म्हणालं. "कृपया रुग्ण प्राण्याचे मुख अनावृत करावे."

"तोंड उघड म्हणतंय," अप्पांनी साजिरीला सांगितलं.

"मग तसं म्हणायचं ना!"

"मी तसेच म्हणालो," डालगं म्हणालं.

आत्यानं साजिरीला हातमोजे दिले आणि देता देता तिचा अंगठा धरला. नखाशेजारी एक लालसर, टचटचीत फोड होता. "हा कधीपासून?"

"झाले चार-पाच दिवस. दुखत नाही फार."

"मावा माणसालाही होतो गं. तुझा आपोआप बरा होईल, भिऊ नकोस. पण बाळाला हात लावायचा नाही. वहिनी, तूसुद्धा आत यायचं नाहीस, कळलं का?"

"म्हणून तर उंबऱ्याशी उभी हाय सकाळधरनं," आई म्हणाली.

डालग्यानं चिमट्यानं गुंजाच्या ओठावरचा खपलीचा कण काढला, टिकलीच्या सडावरचा काढला, पाव्हणीच्या ओठावरची गळायला आलेली खपली उचलली. साजिरीच्या अंगठ्यावरूनही कापूस फिरवला. पोटातून घरघर आवाज आला. मग ते स्पष्ट, मोठ्या आवाजात बोललं, "रोग मावा. संसर्गाचा क्रम असा. प्रथम पाव्हणी. तिच्यापासून गुंजा. गुंजा व पाव्हणी यांच्यापासून टिकली. टिकलीपासून..."

आत्यानं त्याचा आवाज बंद केला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उंबऱ्याशी उभ्या आईनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"शिंगं मी धरली होती," आई म्हणाली. कुणी विचारलं नसताना.

* * *

गुंजाला नाकातून बारीक नळी घालून दूध द्यायला सुरुवात झाली. एका वेळी थोडंसंच द्यायचं, मग थांबायचं. त्या थांबण्याच्या वेळात आत्या आणि साजिरी शेडच्या दाराशी बसल्या.

"आत्या, दिवा हिरवा का राहिला?"

आत्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "उन्हाळ्यात तिथलं गवत पेटलं होतं. तू होतीस ना?"

"सगळं गाव होतं. ओले फोक घेऊन झोडपत होते."

"मग?"

"मग आग विझली. तरी पोरं थांबेनात. विझलेल्या जागी पाणी ओततायत, फोक आपटतायत. भाऊरावकाकांची कडब्याची गंजी होती ना बाजूला, ती पार भिजवून टाकली. शेवटी काका खडकावर चढून ओरडले, 'बस! बस करा रे आता! विझली!' तेव्हा कुठं थांबली."

"शरीरातही तसंच असतं. तुझं, माझं, टिकलीचं शरीर अगणित पेशींचं बनलंय. (पेशी म्हणजे जिवंत शरीराचा सर्वांत लहान भाग, डोळ्यांना न दिसणारा.) त्यातल्या पांढऱ्या पेशी राखण करतात. शत्रू आला की त्या धावतात, जागा गरम होते, सुजते, लाल होते. याला दाह म्हणतात. (दाह म्हणजे शत्रूशी लढताना शरीराच्या त्या भागात पेटलेली आगच जणू.) त्या आगीत शत्रू मरतो. पण आपल्याच चांगल्या पेशीही होरपळतात. म्हणून लढाई संपली की कुणीतरी खडकावर चढून ओरडावं लागतं."

"बस!"

"हां. पांढऱ्या पेशीच एक प्रथिन तयार करतात. (प्रथिन म्हणजे पेशीत घडणारा, नेमून दिलेलं एकेक काम करणारा पदार्थ. काही प्रथिनं अंग बांधतात, काही निरोप पोचवतात.) हे निरोप्या प्रथिन राखणदारांना सांगत फिरतं, 'बस करा आता.' मग राखणदार सैल पडतात. शेळीतही ते असतं, आपल्यातही असतं. ते नसतं ना, तर साधा काटा टोचला तरी अंग स्वतःलाच जाळत बसलं असतं."

साजिरीनं गुंजाकडे पाहिलं. "पण गुंजाच्या अंगात तर आग विझलेली नाही."

"नाही."

"मग बस कोण ओरडलं?"

आत्यानं एक क्षण तिच्याकडे बघितलं. असा नेमका प्रश्न प्रयोगशाळेतही सहसा कुणी विचारत नाही, हे तिला सांगावंसं वाटलं. पण आज कौतुकाचा दिवस नव्हता.

"माव्याचा विषाणू," ती म्हणाली. "विषाणू म्हणजे फार फार बारीक रोगकण. त्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपल्या हजारो प्रती शिजवून घेतो. माव्याचा विषाणू कातडीच्या पेशीत शिरला की आपल्या प्रती तर बनवतोच, शिवाय एक जास्तीचं प्रथिनही बनवतो. ते शेळीच्या 'बस' निरोपासारखंच असतं. जवळजवळ हुबेहूब. राखणदार धावत येतात, तर समोर आपल्याच माणसाचा आवाज, बस करा. ते रेंगाळतात. तेवढ्यात विषाणूचं काम उरकतं."

"आणि पट्टासुद्धा तेच ऐकतो."

"आम्हीच बनवला तो. त्याला 'या, या' आणि 'बस' दोन्ही ऐकायला शिकवलं. पण बस कोण म्हणतंय ते ओळखायला नाही शिकवलं." आत्यानं पट्ट्यावरून बोट फिरवलं. "टिकलीला मावा पुन्हा झाला तो असाच. तिचं अंग काही विसरलं नव्हतं, अप्पा म्हणतो ते बरोबर आहे. ओळखणारे राखणदार आले, पण त्यांना दाराशीच थोपवून धरलं. कायमचं नाही हं. शेवटी तेच जिंकतात. टिकली बरी होईल, पाव्हणी तर झालीच. मोठं जनावर तेवढे दिवस काढतं. लहानग्याला मात्र तोंड दुखतं म्हणून दूध ओढता येत नाही, आईला कास दुखते म्हणून ती पाजत नाही, आणि..."

पुढचं साजिरीला समोर दिसतच होतं.

* * *

पुढचं दूध देऊन झालं. गुंजानं डोळे मिटले होते. डालगं तिच्या शेजारी उभं राहून तिचे श्वास मोजत होतं. आवाज बंद, नुसते आकडे उमटत होते.

"विषाणूला शेळीचा निरोप कसा माहीत?" साजिरीनं विचारलं. "त्याला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. त्यानं तो शेळ्यामेंढ्यांकडूनच नेलाय. प्रत्येक पेशीत जनुकं असतात. (जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची पेशीत जपलेली कृती.) 'बस' निरोपाचंही जनुक असतं. फार फार वर्षांपूर्वी, माणसानं शेळी पाळायच्याही किती तरी आधी बहुधा, असाच एक विषाणू कुठल्या तरी जनावराच्या पेशीत आपल्या प्रती बनवत होता. त्या घाईगर्दीत जनावराच्या एका कृतीची नक्कल त्याच्या कृतींमध्ये जाऊन चिकटली. नेमकी कशी चिकटली, ते आम्हाला अजून पक्कं सांगता येत नाही."

"तुलापण?"

"मलापण. अंदाज आहेत. अशा चुका होत असतात आणि बहुतेकदा त्यांनी विषाणूचंच वाटोळं होतं. पण ही कृती नेमकी 'बस'ची निघाली. तो विषाणू आणि त्याची पिल्लावळ राखणदारांच्या तावडीतून जास्त सुटली, जास्त पसरली. पुढे जे उरले ते तेच. माव्याच्या विषाणूनं असं आणखीही काही उचललंय. दुसरेही कित्येक विषाणू करतात असं. ज्याच्या घरात शिरले, त्याच्याच घरातली हत्यारं घेऊन त्याच्याशीच लढतात."

"चोर आहे म्हणजे."

"चोराला कळतं गं, आपण चोरी करतोय ते. याला काहीच कळत नाही. याला मन नाही, डोकं नाही. टिकलीला फसवावं असं त्याच्या मनातही येत नाही."

"माझ्या मनात आलं होतं," साजिरी म्हणाली. "मला कळत होतं, मी टिकलीला फसवतेय. तिनं बरोबर ओळखलं होतं, आत्या. ढुशी दिली होती. मीच पुन्हा दूध लावलं."

आत्यानं तिला जवळ घेतलं नाही. हातमोजे दोघींच्याही हातांत होते. ती नुसती थोडी सरकून बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

"तू एका भुकेल्या करडाला दूध मिळवून दिलंस. पाव्हणी त्यामुळे जगली, हे खरं आहे. आणि त्यामुळेच गुंजा आजारी पडली, हेही खरं आहे. मी एकच सांगितलं आणि दुसरं लपवलं, तर तुला ते कळेलच. म्हणून दोन्ही सांगते."

साजिरी रडली नाही. रडण्यापेक्षा तिला काहीतरी करायचं होतं. ती एकदम ताठ बसली. "मग 'बस' निरोप पकडून ठेवायचा! असं औषध द्यायचं की तो राखणदारांपर्यंत पोचणारच नाही. आहे का असं?"

"आहे. प्रयोगशाळेत आहे."

"आणलंस?"

आत्या म्हणाली, "डालग्यात आहे."

"मग दे ना! वाट कसली बघतेस?"

"साजू, ते औषध आंधळं आहे. विषाणूचा बस पकडतं आणि गुंजाचा स्वतःचा बससुद्धा पकडतं. मग तिच्या अंगात पेटलेली आग विझवायला कुणीच उरणार नाही. मोठ्या बोकडांवर बघितलंय आम्ही. फोड लवकर बरे झाले, पण ताप उतरेना, आतडी सुजली. गुंजाच्या अंगात आता मूठभर ताकद उरलीय. तीसुद्धा त्या आगीत जाईल."

"पण नाही दिलं तर?"

"नाही दिलं तर नळीनं दूध. जेवढं घेईल तेवढं. तेवढी आशा तरी आहे."

साजिरीनं गुंजाच्या पोटावर हात ठेवला. पोट आत गेलं होतं, आणि हाताखाली श्वास भराभर चालत होता. काय करायचं ते ठरवणं तिच्या हातात नव्हतं, आणि तरी आत्या तिच्याकडेच बघत होती, जणू तिनं हो म्हणायला हवं होतं.

"नको देऊस," साजिरी शेवटी म्हणाली. "दूधच देऊ." आणि मग रडली.

बऱ्याच वेळानं नाक पुसत तिनं विचारलं, "खरा बस आणि खोटा बस यांत काहीच फरक नाही?"

"टिकलीला पाव्हणीचा संशय कुठं आला होता?"

"डोक्याशी नाही. पाठीशीपण नाही. शेपटाखाली हुंगलं तेव्हा."

"या नकलेचंही तसंच आहे. प्रथिन म्हणजे लांब दोरा, गुंडाळी करून ठेवलेला. या दोऱ्याचा बराचसा भाग अगदी शेळीच्या निरोपासारखा आहे. पण एक टोक वेगळं आहे. आम्ही आता असं प्रतिपिंड बनवतोय (प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक पदार्थालाच चिकटणारं, त्याला पकडून ठेवणारं प्रथिन), जे डोकं नाही, पाठ नाही, फक्त ते टोक हुंगेल. खऱ्या बसला जाऊ देईल. खोट्याला धरेल."

"कधी होईल?"

आत्यानं गुंजाकडे बघितलं. "गुंजासाठी नाही, साजू."

* * *

गुंजा पुढचा दिवस जगली, आणि त्याच्या पुढची सकाळ. आई उंबऱ्याबाहेर चुलीवर दूध कोमट करून द्यायची, भांडं खाली ठेवायची, मागे सरायची, मग साजिरी ते उचलायची. एकदा गुंजानं स्वतःहून ओठ हलवले तर आईनं बाहेरून विचारलं, "चाटलं का गं? चाटलं ना?" साजिरी हो म्हणाली. पण ते चाटणं नव्हतं, नुसतं थरथरणं होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

दुपारी डालग्यावरचे आकडे थांबले. आत्यानं त्याचा आवाज आधीच बंद ठेवला होता, तरी त्यानं दोन्ही लांब हात खाली टेकले आणि ते तसंच उभं राहिलं. कुणी त्याला तसं शिकवलं होतं की काय, कोण जाणे.

अप्पांनी माळाच्या कडेला खड्डा खणला. चुना आणला. तेव्हा आत्यानं फार हळू आवाजात विचारलं, "साजू, मला गुंजाच्या ओठावरची खपली आणि थोडी कातडी हवीय. त्या टोकाचा शोध घ्यायला. पण तू नाही म्हणालीस तर मी घेणार नाही."

साजिरीनं डालग्याकडून चिमटा मागून घेतला. तिनंच घेतलं ते. काचेच्या कुपीचं झाकण लावताना मात्र ते काही केल्या बसेना, तेव्हा आत्यानं लावलं.

टिकली पुढे कितीतरी दिवस ओरडायची. संध्याकाळी शेळ्या माळावरून परत आल्या की दाराशी थांबायची, मान उंचावून हाक द्यायची, उत्तराची वाट बघायची. पाव्हणी धावत जवळ गेली की तिचं शेपूट हुंगायची आणि बाजूला व्हायची. आता तिला कुणी फसवत नव्हतं. शेजारची एक म्हातारी म्हणून गेली, पाव्हणीला पुन्हा वास चढवा, टिकली पान्हा सोडेल. साजिरी नको म्हणाली. पाव्हणी आता वाटीतलं दूध प्यायला शिकली होती. तिचं तोंड स्वच्छ झालं होतं, उड्या मारायची, साजिरीच्या ओढणीचं टोक चावायची. साजिरी तिला खाऊ घालायची, पाणी पाजायची. पण तिच्या डोळ्यांत बघायला तिला जड जायचं. करडाचा काय दोष, हे कळत होतं. तरी जड जायचं.

शेडमध्ये नवा नेम झाला. दिवा हिरवा असो की पिवळा, रोज सकाळी प्रत्येक शेळीचं तोंड हातानं उघडून बघायचं. हा नेम साजिरीनं केला आणि अप्पांनाही पाळायला लावला.

अंगठ्यावरचा फोड वाळला, खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली. तेव्हा कुठे आत्यानं फोनवरून परवानगी दिली आणि साजिरीनं बाळाला मांडीवर घेतलं. आई शेजारी बसून लसूण सोलत होती.

"अजून तेच घोळतंय ना डोक्यात?" आई म्हणाली.

"तुझ्या नाही?"

"माझ्याबी हाय." आईनं पाकळी सोलली, बाजूला ठेवली. "रोज वाटतंय, त्या दिवशी कानात बोळे घालून बसले असते तर. पण साजू, किती दिवस स्वतःला जाळत बसशील? आता बस कर गं बाळा."

साजिरीनं विचार केला. आईच्या आवाजात कुठंच काही खोटं नव्हतं. आईलाही तेवढंच दुखत होतं आणि तरी ती म्हणत होती.

"अजून थोडे दिवस," साजिरी म्हणाली. "मग करीन."

आईनं लसणीची परडी दोघींच्या मधे सरकवली आणि साजिरीनं एका हातानं बाळाला धरून दुसऱ्या हातानं सोलायला घेतलं.

आत्याचा फोन आला तेव्हा माळावर नवं गवत गुडघ्याएवढं झालं होतं. पडद्यावर आत्याचा चेहरा होता आणि मागे डालगं हात हलवत होतं.

"साजू, ऐक. पहिल्यांदाच जमलंय. आम्ही एका नळीत खरा बस ठेवला, दुसरीत गुंजाच्या खपलीतून मिळवलेला विषाणूचा. नवं प्रतिपिंड दोन्हींत घातलं. खऱ्याला त्यानं हातही लावला नाही. खोट्याला घट्ट धरलं. एका टोकाला."

"खरंच?"

"काचेच्या नळीत हं. करडात नाही अजून. करडापर्यंत जायला वर्षं जातील. मधे फसेलही. मी तुला आताच सांगून ठेवते."

"दोन्ही सांगतेस ते बरं करतेस," साजिरी म्हणाली.

"प्रयोग यशस्वी झाला आहे," मागून डालगं म्हणालं. "कृपया हे टिकलीस कळवावे."

साजिरी हसली. फोन ठेवून ती शेडमध्ये गेली. टिकली पाय दुमडून बसली होती. तिची कास मऊ झाली होती, सडांवर फोडांच्या जागी फिकट डाग तेवढे उरले होते. साजिरी तिच्या शेजारी मातीत बसली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. एका टोकाला धरलं म्हणून सांगितलं. वर्षं लागतील हेही सांगितलं. गुंजाचं नावही घेतलं.

टिकली रवंथ करत राहिली.